ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या भाचीस

चि. अमृता,


शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे ऑनलाइन वर्ग तू सुरू केलेस, हे ताईकडून कळलं. गणित कसं शिकवावं हे मी तुला सांगायला नको. मुलांना त्या वर्गात सुखरूप कसं ठेवावं, हे मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

आधी दाराचं बघ. २०२० साली शाळा एकाएकी झूमवर गेल्या आणि परके लोक वर्गात घुसून अश्लील चित्रं दाखवू लागले. ‘झूमबॉम्बिंग’ असं नावच पडलं त्याला. त्या एप्रिलात केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेल्या सूचना आजही कामाच्या आहेत. दर वेळी नवा आयडी आणि पासवर्ड, वेटिंग रूम चालू, स्क्रीन शेअर फक्त आपल्याकडे, सगळे आले की मीटिंग लॉक. आणि तास संपला की नुसतं ‘लीव्ह’ करायचं नाही, मीटिंगच ‘एंड’ करायची. नाहीतर तू जातेस आणि मागे मुलांचा वर्ग बाईंशिवाय चालू राहतो. पालकांच्या ग्रुपवर टाकलेली लिंक पुढे कुठे जाईल याचा नेम नसतो. म्हणून वेटिंग रूममध्ये ‘रेडमी’ किंवा ‘पप्पा’ अशी नावं दिसली, तर कोण आहे ते कळल्याशिवाय आत घेऊ नकोस. पहिलं नाव आणि हजेरी क्रमांक, एवढंच लिहायची सवय मुलांना लाव.

बाहेरचा आत येईल याची सगळ्यांनाच धास्ती असते. आतलं बाहेर जातं, तिकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि ते नेणारे पुष्कळदा आपण शिक्षकच असतो. गुरुपौर्णिमेची व्हॉट्सअॅप स्टेटस आठव. वर्गाचा स्क्रीनशॉट, खाली ‘माझे गुणी विद्यार्थी’. चौकटीचौकटीत चेहरा आणि पूर्ण नाव. एकीच्या मागे भिंतीवर कॅलेंडर, त्यावर किराणा दुकानाचं नाव आणि गाव. दुसऱ्याच्या मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि खाटेवर निजलेली आजी. कौतुक खरं असेल, पण त्या आजीला कुणी विचारलं होतं? एका खोलीत राहणाऱ्या पोराने कॅमेऱ्यासाठी दुसरी भिंत आणायची कुठून?

म्हणून कॅमेऱ्याची सक्ती करू नकोस. मुलाने उत्तर तोंडी दिलं, चॅटमध्ये लिहिलं, तरी लक्ष कुठे आहे ते कळतं. अमेरिकेत ओहायोमध्ये परीक्षेआधी कॅमेऱ्याने आपली खोली दाखवायला लावल्याबद्दल एक विद्यार्थी कोर्टात गेला आणि २०२२ साली न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. तो तर कॉलेजातला होता. तुझी मुलं दहा-बारा वर्षांची आहेत.

रेकॉर्डिंग करायचंच तर तुझा आवाज आणि फळा, एवढंच कर, आणि परीक्षा झाली की पुसून टाक. चाचणीसाठी एखादं मोफत अॅप घेशील, तर ते काय काय मागतं ते आधी बघ. ह्यूमन राइट्स वॉचने २०२२मध्ये ४९ देशांतली १६४ शैक्षणिक अॅप आणि संकेतस्थळं तपासल्याचा अहवाल दिला. त्यांतली बहुतेक मुलांवर पाळत ठेवणारी, निदान तशी सोय असलेली निघाली. अपूर्णांकाच्या चाचणीला मुलाचं लोकेशन कशाला हवं? आपल्याकडच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. तुझा क्लास लहान असला, तरी पालकांना आधी विचारायची रीत पाड.

शंका विचारायला मुलं एकेकटी मेसेज करतील. त्यांना ग्रुपवरच उत्तर दे, म्हणजे पालकांनाही दिसेल. यात तुझंही रक्षण आहे.

इतकं करूनही कुणी घुसलाच, तर हुज्जत न घालता वर्ग तिथेच बंद कर. वेळ आणि दिसलेलं नाव टिपून ठेव, पालकांना त्याच दिवशी कळव, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदव. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घे.

आणि पहिल्याच तासाला त्यांना एक सांग: काही खटकलं, कुणी काही मागितलं, तर बाईंना सांगायचं, बाई रागावणार नाहीत. हा शब्द मात्र पाळ. मूल एकदा सांगायला आलं आणि आपण त्यालाच बोललो, तर ते पुन्हा येत नाही.

ताईला नमस्कार.

तुझी,
मावशी