संगणकातील दप्तर आणि त्याची किल्ली

ग्रामपंचायतीचे दप्तर म्हटले की लोखंडी कपाट डोळ्यांसमोर येते. कर आकारणीची नोंदवही, जन्म-मृत्यूच्या नोंदी, सभांची इतिवृत्ते हे सारे त्यात कुलूपबंद राहते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कार्यालयातील प्रत्येकास ठाऊक असते. गेल्या काही वर्षांत या दप्तराचा मोठा भाग टेबलावरील संगणकात आला आहे. त्याच्या जोडीला लाभार्थ्यांचे आधार क्रमांक व बँक खात्यांचे तपशील आले. शाळेच्या संगणकात विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे आणि पालकांचे उत्पन्नाचे दाखले साठत गेले. कपाटाला कुलूप आहे. संगणकाला ते आहे काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

'आहे' असेच उत्तर बहुतेक ठिकाणी मिळेल, कारण संगणक सुरू करताच तो पासवर्ड विचारतो. परंतु हा पासवर्ड संगणकाच्या कार्यप्रणालीचा पहारेकरी आहे. माहिती ज्या हार्ड डिस्कवर लिहिलेली असते त्या डिस्कचे रक्षण तो करीत नाही. चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली व दुसऱ्या संगणकास जोडली की हा पासवर्ड आड येत नाही आणि सर्व फायली वाचता येतात. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे काम करणारा कारागीर बंद पडलेल्या यंत्रातील माहिती काढून देतो तेव्हा तो नेमके हेच करीत असतो. दाराला भक्कम कुलूप आणि मागची भिंत पडलेली, अशी ही स्थिती होय.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत संशोधन करणाऱ्या सिम्सन गारफिंकेल व अभी शेलाट यांनी वापरलेल्या १५८ डिस्क बाजारातून विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. चालू स्थितीत असलेल्या १२९ डिस्कपैकी केवळ १२ डिस्क नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांतून हजारो क्रेडिट कार्डांचे क्रमांक, खासगी पत्रे व वैद्यकीय माहिती हाती आली. एक डिस्क तर बँकेच्या एटीएम यंत्रातील होती. ब्रिटनमध्ये २००७ साली महसूल व सीमाशुल्क खात्याने लेखापरीक्षकांकडे पाठविलेल्या दोन सीडी टपालात गहाळ झाल्या. त्यांत बालक भत्ता घेणाऱ्या कुटुंबांतील सुमारे अडीच कोटी व्यक्तींची माहिती होती. सीडींना पासवर्ड होता, मजकूर मात्र कूटबद्ध केलेला नव्हता. खात्याच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले.

कूटबद्ध करणे म्हणजे काय

डिस्कवर लिहिला जाणारा प्रत्येक अंश लिहिण्यापूर्वी गणिती रीतीने असा बदलून टाकावयाचा की किल्लीवाचून तो निरर्थक आकड्यांचा ढीग वाटावा, आणि वाचतेवेळी त्याच किल्लीने पूर्ववत करावयाचा, यास संपूर्ण डिस्कचे कूटबद्धीकरण म्हणतात. हे काम संगणक आपोआप करतो. टंकलेखन करणाऱ्यास त्याची जाणीवही होत नाही. यासाठी आज सर्वत्र वापरली जाणारी 'एईएस' ही पद्धत योहान डेमन व व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियमच्या दोघा तज्ज्ञांनी तयार केली. खुल्या स्पर्धेतून तिची निवड होऊन २००१ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. पद्धत जाहीर आहे, तिची पुस्तके कोणासही मिळतात. गुप्त असते ती केवळ किल्ली. १२८ बिटांच्या किल्लीचे संभाव्य प्रकार मोजावयाचे तर ती संख्या ३९ अंकी होते. एकेक किल्ली लावून पाहण्याचा मार्ग त्यामुळे बंदच आहे.

निवडक फायलींनाच पासवर्ड लावून भागणार नाही काय, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. तसे भागत नाही. एखादी यादी उघडली, छापली किंवा खोडली तरी तिच्या तात्पुरत्या प्रती डिस्कच्या कोपऱ्यात राहून जातात आणि त्या कोठे राहिल्या हे वापरणाऱ्यास कळत नाही. संपूर्ण डिस्क कूटबद्ध असली म्हणजे हे कोपरेही झाकले जातात.

डिस्कची मूळ किल्ली संगणक स्वतःच तयार करतो आणि ती एका लहान पेटीत बंद केल्याप्रमाणे डिस्कवरच ठेवतो. ही पेटी उघडण्याचे मार्ग एकाहून अधिक असू शकतात: वापरणाऱ्याचा पासवर्ड, संगणकाच्या मुख्य फलकावरील 'टीपीएम' नावाची सुरक्षा-चिप, आणि आणीबाणीसाठी राखून ठेवलेली पुनर्प्राप्ती किल्ली. पासवर्ड बदलला तरी सारी डिस्क नव्याने लिहावी लागत नाही याचे कारण हेच. मात्र पेटी उघडण्याचे सर्व मार्ग हरवले तर निर्मात्या कंपनीलाही ती उघडता येत नाही. पुढील सर्व दक्षता या एका गोष्टीसाठी आहे.

प्रत्यक्ष मांडणी

प्रारंभी सर्व माहितीची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी व ती उघडते याची खात्री करून घ्यावी. ही पायरी वगळून पुढे जाणे म्हणजे निष्कारण धोका पत्करणे होय. डिस्क आधीच जीर्ण झालेली असेल तर संपूर्ण डिस्कच्या पुनर्लेखनाचा ताण तिला सोसवेलच असे नाही. प्रत ठेवलेली बाहेरील डिस्कही नंतर कूटबद्ध करावयास हवी, हे सांगणे नलगे.

विंडोज प्रणालीत या सोयीस 'बिटलॉकर' म्हणतात. ती 'प्रो' व त्यावरील आवृत्त्यांत मिळते. 'होम' आवृत्तीत योग्य यंत्रसामग्री असल्यास 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' ही तिची साधी प्रत असते. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्याने ही मांडणी विंडोज ११ वर करणे उचित. कंट्रोल पॅनलमधील 'सिस्टम अँड सिक्युरिटी' या विभागात 'बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन' निवडून ते चालू करावयाचे असते. पुनर्प्राप्ती किल्ली कोठे ठेवावी, असे संगणक प्रथम विचारतो. ती कागदावर छापून घ्यावी. त्यानंतर केवळ वापरलेला भाग कूटबद्ध करावा की संपूर्ण डिस्क, हा प्रश्न येतो. कोऱ्या संगणकास पहिला पर्याय पुरतो. वापरात असलेल्या संगणकास दुसराच घ्यावा, कारण खोडलेल्या फायलींचे अवशेष 'रिकाम्या' भागातच असतात. शेवटी चाचणीसाठी संगणक पुन्हा सुरू होतो आणि काम आरंभ होतो. डिस्कच्या आकारानुसार यास काही तास लागतात. त्या अवधीत संगणक वापरता येतो. मध्येच वीज गेली तरी बिटलॉकर थांबलेल्या ठिकाणाहून पुढे जातो, तथापि यूपीएस जोडलेला असणे केव्हाही बरे.

लिनक्स वापरणाऱ्या कार्यालयांसाठी 'लक्स' ही व्यवस्था आहे. उबुंटूसारखी प्रणाली बसवितानाच कूटबद्धीकरणाचा पर्याय निवडावा. नंतर ते करणे कटकटीचे असते. लक्समध्ये एकाच डिस्कला अनेक पासवर्ड देता येतात, जुन्या रचनेत ८ आणि नव्या रचनेत ३२ पर्यंत. डिस्कच्या आरंभीचा शीर्षभाग बिघडल्यास मात्र सर्व पासवर्ड निरुपयोगी ठरतात, म्हणून त्या भागाची स्वतंत्र प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक आहे.

किल्लीचा सांभाळ

बिटलॉकरची पुनर्प्राप्ती किल्ली ४८ अंकी असते. तिचे सहा-सहा अंकांचे आठ गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटास ११ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे एखादा अंक चुकीचा भरला गेल्यास संगणकास तो ओळखता येतो. मुख्य फलक बदलला किंवा यंत्राच्या मूलभूत प्रणालीत फेरफार झाला की संगणक ही किल्ली मागतो. असा प्रसंग दोन-तीन वर्षांनी केव्हातरी येतो आणि तोपर्यंत मांडणी करणारा कर्मचारी बदलून गेलेला असतो. कूटबद्धीकरणामुळे माहिती गमावण्याची वेळ येते ती प्रायः अशी.

तिजोरीची दुसरी किल्ली मोहोरबंद करून अन्यत्र ठेवण्याची रीत कार्यालयांना नवी नाही. तीच येथे लागू करावी. छापील किल्लीच्या दोन प्रती दोन मोहोरबंद पाकिटांत घालून एक कार्यालयाच्या तिजोरीत व दुसरी वेगळ्या इमारतीत, वरिष्ठ कार्यालयाच्या ताब्यात द्यावी. छापील कागदावर किल्लीबरोबर तिचा ओळख क्रमांकही असतो. तो व संगणकाचा अनुक्रमांक जडवस्तू संग्रह नोंदवहीत लिहून ठेवावा. प्रत्यक्ष किल्ली मात्र तेथे लिहू नये. बदलीच्या वेळी कार्यभार देण्या-घेण्याच्या यादीत या पाकिटाचा स्वतंत्र उल्लेख असावा. किल्लीची चिठ्ठी संगणकाच्या पडद्यालाच चिकटवून ठेवण्याचा जो प्रकार आढळतो, त्याविषयी अधिक न लिहिलेले बरे.

नव्या संगणकांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून, नव्याने प्रणाली बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. हे खाते पुरवठादाराच्या माणसाचे किंवा एखाद्या कर्मचाऱ्याचे वैयक्तिक असेल, तर कार्यालयाच्या दप्तराची किल्ली कार्यालयाबाहेर गेली असे समजावे. संगणक ताब्यात घेताना प्रथम याची तपासणी करावी.

या कुलपाच्याही मर्यादा आहेत. केवळ चिपवर भिस्त ठेवल्यास संगणक कोणासही काही न विचारता सुरू होतो. काढून नेलेली डिस्क निरुपयोगी ठरते, पण चोर संपूर्ण यंत्रच उचलून नेतो तेव्हा हे संरक्षण दुबळे पडते. लॅपटॉपबाबत ही शक्यता अधिक, म्हणून सुरुवातीलाच पिन विचारला जाईल अशी जोड त्यास द्यावी. चालू संगणकाची किल्ली त्याच्या स्मृतीत असते आणि वीज तोडल्यानंतरही ती तेथून काही काळ काढता येते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. सायंकाळी संगणक निद्रावस्थेत न ठेवता पूर्ण बंद करावा. इंटरनेटवरून शिरणारे विषाणू, किंवा पेन ड्राइव्हवर नक्कल करून बाहेर गेलेली यादी, यांवर या व्यवस्थेचा काहीच उपाय चालत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहिती बाळगणाऱ्याने वाजवी सुरक्षा-उपाय योजणे बंधनकारक ठरविण्यात आले आहे. त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचे आहेत. अपेक्षित सुरक्षा-उपायांत कूटबद्धीकरणाचा नामनिर्देश आहे.

राहता राहिला निर्लेखनाचा प्रश्न. जुना संगणक लिलावात काढताना आरंभापासून कूटबद्ध असलेल्या डिस्कची मूळ किल्ली नष्ट केली व मोहोरबंद पाकिटे जाळली की मजकूर कायमचा वाचनाबाहेर जातो. जी डिस्क कधीच कूटबद्ध नव्हती ती यंत्राबरोबर विकू नये. ती काढून घ्यावी, छिद्रे पाडून निकामी करावी आणि तशी नोंद निर्लेखनाच्या कागदपत्रांत सहीनिशी घ्यावी.