खंडपीठाचा निकाल गावात पोचतो तेव्हा

बीड जिल्ह्यातल्या माजलगावला वकिली करताना माझा बराच वेळ उच्च न्यायालयाच्या निकालांचा अर्थ सांगण्यात जातो. त्याची फी कुणी देत नाही, मीही मागत नाही. त्यातून उमगलेलं थोडं इथे लिहितो.

१. आधी विचारायचं, हा निकाल आहे की मधला आदेश? पक्षकार मोबाइल पुढे धरतो, "वकीलसाहेब, खंडपीठानं आपल्या बाजूनं दिलं." वाचून बघावं तर नुसती नोटीस निघालेली असते, फार तर 'जैसे थे'. सरपंचाच्या अपात्रतेला स्टे मिळाला की गावात गुलाल उडतो. पुढच्या तारखेला स्टे उठला की तोच गुलाल दुसरा गट उधळतो.

२. उच्च न्यायालयाच्या वरही एक पायरी आहे. हे बीडमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. २७ जून २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयानं मराठा आरक्षण वैध ठरवलं, १६ टक्क्यांऐवजी शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ टक्के. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं.

३. खंडपीठ जवळ आलं म्हणून प्रत्येक भांडण तिथे न्यायचं नसतं. बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे अपील तिकडे जायचं. नंतर मुंबई गाठावी लागे. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. त्यालाही आव्हान दिलं गेलं, पण १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं आणि १९८४ मध्ये कायमचं खंडपीठ झालं. कोल्हापूरकरांना सर्किट बेंचसाठी ऑगस्ट २०२५ उजाडावा लागला. ही मोठी सोय आहे, वादच नाही. पण बांध कोरल्याच्या वादात "हायकोर्टापर्यंत जाईन" म्हणणारे सख्खे चुलतभाऊ खरंच जातात, तेव्हा ज्या बांधासाठी भांडण असतं त्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसा येण्याजाण्यात आणि फीत संपतो.

४. आता उसाचं, कारण आमच्याकडे सगळे प्रश्न शेवटी तिथेच येतात. २१ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयानं एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, दोन हप्त्यांत द्यायला मुभा दिली होती. शेतकरी नेते राजू शेट्टी आणि इतरांनी त्याला आव्हान दिलं आणि १७ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. ऊस दराचा कायदा केंद्राचा, १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. त्यात राज्याला स्वतःचे हप्ते घुसवता येत नाहीत. बातमी आली त्या आठवड्यात माझ्याकडे रीघ लागली. "साहेब, आता चौदा दिवसांत सगळे पैसे ना?"

मी मूळ आदेश काढून दाखवला. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, हे खरं. पण त्याच वाक्यात लिहिलंय, दोघांत याहून वेगळा लेखी करार नसेल तर. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, कारखान्याच्या शेतकी गटात ऊस नोंदवताना सही कशावर केली? बहुतेकांना ठाऊक नसतं. छापील कागद, बारीक अक्षर, माणूस बांधावर घाईत. त्या कागदात हप्त्यांची कबुली असेल, तर कारखान्याचा वकील निकालाआधी तीच पुढे करणार. शेतकऱ्यानं स्वतःच्या सहीनं जे सोडलं, ते न्यायालयानं परत द्यावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे. नोंद करतानाच कागदाची झेरॉक्स मागून घ्यावी.

५. मुदत उलटली की वर्षाला १५ टक्के दरानं व्याज लागतं, हेही त्याच आदेशात आहे. थकबाकीसाठी पुण्याच्या साखर आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांनी वसुलीचं प्रमाणपत्र, म्हणजे आरआरसी, काढलं तर जिल्हाधिकारी जमीन महसुलासारखी वसुली करू शकतात. वजनाच्या पावत्या आणि बँकेचं पासबुक एवढे पुरावे घरात असतातच. तरी व्याजाचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे फारच थोडे येतात. एकानं जाताना स्पष्टच सांगितलं, "साहेब, व्याजाचं राहू द्या. पुढच्या साली तोड याच कारखान्याची घ्यायचीय."