पाणी तापेनासे होते तेव्हा

रांझी ही जबलपूर शहराच्या पूर्वेकडील वस्ती. जवळच १९४२ सालचा खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि १९६९ साली सुरू झालेला वाहन कारखाना आहे. जानेवारीत येथे पहाटेचे तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास उतरते. अशा वेळी पहिल्या पाळीस निघालेल्या माणसाच्या घरी गिझरमधून थंडगार पाणी येऊ लागले, म्हणजे तो कसाही करून पुन्हा चालू करण्याची घाई होते. घाई स्वाभाविक आहे. परंतु गिझर पुष्कळदा बिघडल्यामुळे नव्हे, तर घरातील माणसांचे रक्षण करण्यासाठीच थांबलेला असतो. तो का थांबला, हे कळल्यावाचून त्यास चालू करणे म्हणजे पहारेकऱ्यास दूर सारून दार उघडण्यासारखे आहे.

बंब आणि गिझर

जुन्या मराठी घरांतील तांब्याचा बंब सर्वांच्या परिचयाचा आहे. मध्यभागी विस्तवाची नळी, भोवती पाणी आणि वर सैल झाकण अशी त्याची रचना असते. पाणी उकळले तरी वाफ झाकणावाटे निघून जाते. म्हणून आत दाब साठत नाही आणि पाण्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे पलीकडे जात नाही.

साठवणीचा गिझर हे बंद भांडे आहे. त्यातील पाणी नळाच्या दाबाखाली असते. ते अमर्याद तापत राहिले तर १०० अंशांच्या वर जाऊनही दाबामुळे द्रवरूपच राहील. आणि टाकी फुटून दाब एकाएकी नाहीसा झाला, तर त्यातील बराच भाग क्षणार्धात वाफ होईल. एक लिटर पाण्याची सुमारे १,६०० लिटर वाफ होते, हे लक्षात घेतले म्हणजे या स्फोटाची भीषणता ध्यानी येते.

म्हणून गिझरला तीन रक्षक दिलेले असतात. पहिला थर्मोस्टॅट, तो ठरावीक तापमानास विद्युत् प्रवाह तोडतो व पाणी निवाले की पुन्हा जोडतो. दुसरा कटआउट, थर्मोस्टॅट निकामी होऊन पाणी फाजील तापले, तर हा प्रवाह कायमचा तोडतो व पुष्कळ गिझरांत हाताने दाबल्याखेरीज पुन्हा जोडत नाही. तिसरा रक्षक म्हणजे सुरक्षा झडप. दाब वाढला की ती पाणी बाहेर सोडते.

तपासणीचा क्रम

प्रथम वीजपुरवठा पाहावा. घरातील इतर दिवे लागत असून गिझरचाच सर्किट ब्रेकर पडला असेल, तर तो एकदाच वर करावा. तो लगेच पुन्हा पडला, तर आत कोठे तरी प्रवाह भलत्या वाटेने जात आहे असे समजावे आणि तेथेच थांबावे. तापक तारेचे आवरण चिरून वीज पाण्यात व टाकीच्या पत्र्यात उतरली असण्याचा संभव असतो. घरास अर्थिंग धड नसेल, तर हा दोष स्नान करणाऱ्याच्या प्राणावर बेतू शकतो.

दुसरी तपासणी प्लगची. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्याला १६ अँपिअरचा प्लग लागतो; ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर तो चालविला तर प्लग तापतो, काळवंडतो आणि अखेर जोड सुटतो.

तिसरी खूण दिव्यांची. ज्या गिझरवर वीज आल्याचा आणि पाणी तापत असल्याचा असे दोन वेगळे दिवे असतात, तेथे पहिला लागून दुसरा लागत नसेल, तर थर्मोस्टॅट किंवा कटआउट याने प्रवाह तोडलेला असतो. दोन्ही लागूनही पाणी थंडच राहिले, तर तापक तार तुटली असण्याचा संभव अधिक.

पाणी तापते, पण फार उशिरा, अशी तक्रार असल्यास थोडे गणित करावे. १५ लिटर पाणी १८ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे २,६५० किलोज्यूल उष्णता लागते. २,००० वॅटची तार ती साधारण २२ मिनिटांत देते. वाया जाणारी उष्णता धरून २५ मिनिटे समजावीत. पाऊण तास लागत असेल, तर व्होल्टेज कमी आहे किंवा आत दोष आहे. कठीण पाणी तापविले की त्यातील चुनखडीचा थर तारेवर बसतो. हा थर उष्णता नीट वाहू देत नाही. त्यामुळे तार आतून फाजील तापते व अकाली जळते.

सुरक्षा झडपेतून पाणी तापताना चार थेंब गळणे हा मात्र दोष नव्हे. वरील १५ लिटर पाणी तापल्यावर सुमारे पाव लिटराने प्रसरण पावते. त्यास वाट हवीच. गळती थांबविण्यासाठी झडपेचे तोंड बुजविणे हा मोठाच अपराध होय. तसेच कटआउट वारंवार पडतो म्हणून त्यास वगळून तारा जोडणे, म्हणजे कारागिरांच्या बोलीत गिझर ‘डायरेक्ट’ करणे, कधीही मान्य करू नये. पाणी तापेल, परंतु ते थांबविणारा कोणी उरणार नाही. गिझरचे झाकण मुख्य स्विच बंद करून जाणत्या वायरमननेच उघडावे.

गॅसचा गिझर

गॅसच्या गिझरमध्ये पाण्याचा दाब अपुरा असल्यास ज्योत पेटतच नाही; कारण वाहते पाणी नसता तांब्याची नळी जळून जाईल. ज्योत विझली तर संवेदक गॅस बंद करतो. बॅटरी उतरली तरी ठिणगी पडत नाही. हे दोष साधे आहेत. पण निळी ज्योत पिवळी दिसू लागली, किंवा स्नानगृहात डोके दुखून गुंगी येऊ लागली, तर ताबडतोब बाहेर पडावे. अपुऱ्या हवेत ज्वलन झाल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्यास ना रंग ना वास. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जडतो. म्हणून असा गिझर बंद स्नानगृहात बसवूच नये.

शीत देशांतील बॉयलर

ब्रिटनसारख्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरी हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर दिसते. तेथे एक बॉयलर पाणी तापवितो व ते नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरून घर उबदार ठेवते. थंड स्थितीत त्याच्या दाबमापकावर सामान्यतः १ ते १.५ बार दाब असावा लागतो. तो फार उतरला की बॉयलर स्वतःच थांबतो. पाणी भरून दाब वाढविता येतो, परंतु तो पुनःपुन्हा उतरत असेल तर कोठे तरी गळती आहे. कडाक्याच्या थंडीत बाहेरची निचरानळी गोठली तरीही बॉयलर बंद पडतो. तेव्हा तिच्यावर कोमट पाणी ओतावे, उकळते नव्हे.

रांझीतील १५ लिटरांचा गिझर असो की दूरदेशीचा बॉयलर, यंत्र थांबते तेव्हा ते काही तरी सांगत असते. पुन्हा चालू करण्याचे बटण एकदा दाबावे. दुसऱ्यांदा दाबण्याची वेळ आली, तर त्यापूर्वी कारण शोधावे. तोवर चुलीवर एक पातेले पाणी तापवून त्या दिवसाचे स्नान उरकणे हेच शहाणपणाचे होय.