हंगामी स्थलांतरित मुलांचे अंकगणित

मार्गशीर्ष-पौषात चांदवड तालुक्यात उन्हाळ कांद्याची लावणी सुरू झाली, की सुरगाणा, पेठ या डोंगरी भागांतून मजूर कुटुंबे येऊ लागतात. त्यांची मुले वर्षाच्या मध्येच शाळेत दाखल होतात. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानुसार त्यांना वयानुरूप वर्गात बसवावयाचे असून, दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडविता येत नाही. प्रवेश झाला, तरी अध्यापनाचा प्रश्न उरतोच.

अशा मुलास ‘चौतीस’ लिहावयास सांगितले असता ते कित्येकदा ४३ लिहिते. यावरून ते मंदबुद्धीचे ठरविणे अन्यायाचे होईल. ‘चौतीस’ म्हणताना चार आधी उच्चारले जातात, लिहिताना मात्र तीन आधी येतो. मूल कानाने ऐकलेल्या क्रमानेच लिहिते. तेच मूल दुकानात पन्नासाची नोट देऊन उरलेले पैसे बरोबर मोजून घेते. म्हणजे संख्येचे ज्ञान त्यास आहे; संख्येचे नाव व लेखन यांची सांगड तेवढी पडलेली नाही.

यास्तव पहिली चाचणी पाटीवर न घेता तोंडी, नाणी-नोटांच्या साहाय्याने घ्यावी. नंतर दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधावयास लावाव्यात. तीन जुड्या व चार सुट्या काड्या मांडून ‘तीस आणि चार’ असे म्हणवून घ्यावे. दशकाच्या घरात ३ व एककाच्या घरात ४ लिहवून घ्यावेत. आणि मग ‘चौतीस’ हे नाव सांगावे. इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात २०१९ साली ‘एकवीस’ याबरोबर ‘वीस एक’ असे वाचन देण्यात आले, त्यामागील हेतूही हाच होय. मूल घरी डांगी किंवा कोकणी बोलत असल्यास आरंभी त्यास स्वतःच्या बोलीत मोजू द्यावे.

हे काम लांबणीवर टाकता येत नाही. हंगाम संपताच कुटुंब गाव सोडते. दशक न कळलेल्या मुलास हातच्याची बेरीज व वजाबाकी समजत नाही, आणि तोच अडथळा घेऊन ते पुढच्या शाळेत जाते. म्हणून रोज पंधरा मिनिटे स्वतंत्रपणे द्यावीत, आणि मूल जाताना शिक्षण हमी कार्डाबरोबर एका ओळीची नोंद द्यावी: संख्यालेखन कोठवर आले, हातचा समजला की नाही. पुढील शिक्षकास त्याच जागेपासून आरंभ करता येईल.