जुन्या छायाचित्रावरील जाळी

गेल्या शतकात पुष्कळ छायाचित्रे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी उमटवलेल्या खरबरीत कागदावर छापली जात. हातात घेतल्यावर ती नक्षी शोभते. स्कॅनरमध्ये मात्र प्रकाश तिरपा पडतो, प्रत्येक उंचवट्याची सावली उमटते आणि चेहऱ्यावर जाळी पसरते.

पहिला उपाय सोपा आहे. छायाचित्र एकदा सरळ व एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करावे. दुसरी प्रत संगणकावर सुलटी करून पहिलीवर तंतोतंत बसवावी आणि दोहोंची सरासरी घ्यावी. विरुद्ध बाजूंस पडलेल्या सावल्या बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात.

उरलेल्या जाळीसाठी फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये (१७६८–१८३०) याचे गणित उपयोगी पडते. त्यात चित्र लहानमोठ्या लहरींची बेरीज म्हणून मांडतात. हे काम संगणकाने झटपट करण्याची रीत कूली व ट्यूकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. या रूपांतरात चेहऱ्याचा बहुतेक भाग मध्याभोवती राहतो. सारख्या अंतराने येणारी जाळी मात्र मोजक्या ठळक ठिपक्यांत गोळा होते. मध्य सोडून तेवढे ठिपके झाकावेत व उलट रूपांतर करावे. जाळी जाते, चेहरा राहतो.

वाळूसारखे विखुरलेले कण असे सापडत नाहीत. त्यांना पुसताना बारीक तपशीलही पुसला जातो. आमच्या घरी आजीचे एकच छायाचित्र आहे. तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत. यंत्राच्या लेखी ते आणि कागदावरचे डाग सारखेच! म्हणून मूळ स्कॅन जपून ठेवावे, आणि काय पुसायचे हे तो चेहरा पाहिलेल्या माणसाला, ते माणूस आहे तोवर, विचारून घ्यावे.