ताई आता मोठी झाली

मुलांनो, शाळेत निघताना आई तुम्हांला विचारते, "डबा घेतलास का? रुमाल घेतलास का?" तुम्हांला कंटाळा येतो. 'मी काय लहान आहे का?' असे तुम्ही पुटपुटता. आता अशी कल्पना करा, की तुमची ताई एकोणीस वर्षांची आहे. ती शिकायला ब्रिटनला गेली आहे. आईचे प्रश्न मात्र तेच आहेत!

ताई वसतिगृहात राहते. पाच-सहा मुलामुलींना मिळून एकच स्वयंपाकघर आहे. दुधाच्या बाटलीवर ताईने नाव लिहिले, तरी दूध कोणीतरी पिऊन टाकतेच. ताई चिडते. एकदा तिने वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली, मिरची जळाली, धूर झाला आणि छताला लावलेली धुराची घंटा ठणाणा वाजू लागली. नियमाप्रमाणे सगळ्यांना बाहेर थंडीत जाऊन उभे राहावे लागले. आता बाकीचे ताईवर चिडले. चार जण एकत्र राहिले, की असे व्हायचेच. खिडकी उघडून फोडणी द्यायला ताई लवकरच शिकली.

आईच्या फोनचे काय करावे, ते मात्र तिला कळेना. हिवाळ्यात आपले घड्याळ ब्रिटनच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास पुढे असते. आई सकाळी आठ वाजता फोन करते, तेव्हा ताईकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. "जेवलीस का गं?" झोपेतली ताई काय सांगणार? उन्हाळ्यात तिथले लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात. मग फरक साडेचार तासांचा होतो आणि आईचा हिशेब पुन्हा चुकतो.

पूर्वी असे नव्हते. कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ परांजपे केंब्रिजला शिकत होते. १८९९ साली ते तेथील गणिताच्या परीक्षेत पहिले आले. म्हणून त्यांना रँग्लर परांजपे म्हणतात. त्या काळी पत्रे आगबोटीने जात. पत्र पोहोचायला काही आठवडे लागत. 'जेवलास का?' असे विचारून उपयोगच नव्हता!

ब्रिटनमध्ये पूर्वी माणूस एकविसाव्या वर्षी सज्ञान होत असे. १९६९ साली कायदा बदलला आणि १ जानेवारी १९७० पासून हे वय अठरा झाले. आपल्याकडेही ते अठराच आहे. त्यामुळे विद्यापीठ ताईला मोठे माणूस मानते. बाबांनी कार्यालयात फोन करून तिचे गुण विचारले, तर ताईच्या परवानगीशिवाय ते सांगत नाहीत. ऑगस्टमध्ये शाळेचे निकाल लागतात, तेव्हा रिकाम्या जागांसाठी मुले विद्यापीठांना फोन करतात. आई किंवा बाबा बोलू लागले, तर "मुलालाच फोन द्या," असे उत्तर मिळते.

बाबांना याचा राग येतो. "फी मी भरतो आणि गुण मला सांगत नाहीत?" त्यांचे अगदीच चुकते असे नाही. मुलगी हजारो किलोमीटर दूर आहे. ती आजारी पडली, तर कोण कळवणार? ही काळजी खरी आहे. २०१८ साली ब्रिस्टल विद्यापीठाने यावर एक वाट काढली. नोंदणीच्या वेळी विद्यार्थ्याला विचारतात, "तुझी फार काळजी वाटली, तर आम्ही कोणाला कळवू?" नाव विद्यार्थ्याने स्वतः द्यायचे. नाही म्हणायचीही मोकळीक असते. बहुतेक विद्यार्थ्यांनी होकार दिला. मोठ्या मुलांना आईबाबा नकोसे होतात, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

ताईने आईशी बोलून वेळ ठरवली. रविवारी, आपल्याकडे दुपारी चार वाजता. मधल्या दिवसांत फोन करायचा नाही. आईने दोन आठवडे कसाबसा दम धरला. तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी रात्री घरचा फोन वाजला. ताईला खोकला झाला होता. ती विचारत होती, "आई, काढ्यात आलं किती घालायचं गं?"