नव्या लॅपटॉपला जुना मॉनिटर कसा जोडावा?

दुकानातील किंवा पेढीवरील जुना कॉम्प्युटर बंद पडला की त्याच्या जागी हल्ली बहुधा लॅपटॉप येतो. जुना डबा भंगारात जातो आणि त्याच्याबरोबर पुष्कळदा चांगला चालणारा मॉनिटरही जातो. कारण एवढेच की, त्याची केबल नव्या लॅपटॉपला बसत नाही. मॉनिटरमध्ये बिघाड नसतो. बदललेले असते ते फक्त जोडणीचे तोंड. काही शे रुपयांच्या अ‍ॅडॅप्टरने जे काम भागते, त्यासाठी नव्या मॉनिटरवर हजारो रुपये घालणे हा फजूल खर्च आहे. उलट चुकीचा अ‍ॅडॅप्टर घेतला तर ते काही शे रुपयेही वाया जातात. म्हणून हा विषय व्यापारी बांधवांनी एकदा नीट समजून घ्यावा.

मोठ्या पडद्याचा उपयोग

१७ इंची जुना चौकोनी मॉनिटर पाहा. त्याच्या पडद्याची उंची सुमारे साडेदहा इंच भरते. १४ इंची लॅपटॉपचा पडदा रुंद असला तरी उंचीला जेमतेम सात इंच असतो. खातेउतारा वरून खाली वाचायचा असतो, त्यामुळे हिशेबाच्या कामात उंचीच जास्त उपयोगी पडते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि बिलावर पंधरा अक्षरी क्रमांक लिहिणे नित्याचे झाले. त्यात एक अक्षर चुकले तरी समोरच्या व्यापाऱ्याची करवजावट अडकू शकते. दिवसभर बारीक अक्षरे वाचणाऱ्या मुनीमजींच्या डोळ्यांचा विचार केला, तरी मोठा पडदा शेजारी असणे किफायतीचे ठरते.

आधी मॉनिटरची पाठ पाहा

खरेदीला निघण्यापूर्वी मॉनिटरच्या मागे कोणते पोर्ट आहे ते पाहावे.

निळे, तीन ओळींत पंधरा छिद्रे असलेले आणि दोन्ही बाजूंना स्क्रू बसणारे पोर्ट म्हणजे व्हीजीए. आयबीएम कंपनीने १९८७ साली ते आणले आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ ते जवळजवळ प्रत्येक मॉनिटरवर होते. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी व काही लॅपटॉप कंपन्यांनी ते २०१५ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. नव्या लॅपटॉपवर ते क्वचितच दिसते, याचे कारण हेच. केबलच्या मधल्या ओळीत एखादी पिन नसली तर ती तुटली असे लगेच समजू नये. अनेक केबली मुळातच तशा बनवलेल्या असतात.

पांढरे, रुंद आणि एका बाजूला आडवी चीर असलेले पोर्ट म्हणजे डीव्हीआय. हे १९९९ साली आले. बऱ्याच जुन्या मॉनिटरवर व्हीजीए आणि डीव्हीआय दोन्ही शेजारी शेजारी असतात. आपल्या मॉनिटरवर डीव्हीआय असेल तर काम फारच सोपे आहे. ते पुढे येईलच.

आता लॅपटॉप पाहावा. त्याला साधारणपणे एचडीएमआय किंवा लहानसे लंबगोल यूएसबी-सी पोर्ट असते, कित्येकदा दोन्ही असतात.

अ‍ॅडॅप्टर म्हणजे तर्जुमा करणारा

व्हीजीएमधून चित्र अ‍ॅनालॉग पद्धतीने जाते, म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या विजेच्या दाबाच्या रूपात. एचडीएमआयमधून ते डिजिटल पद्धतीने, म्हणजे आकड्यांच्या रूपात जाते. या दोन वेगळ्या भाषा आहेत. तेव्हा मध्ये नुसती तार टाकून भागत नाही. भाषांतर करणारी चिप लागते. एचडीएमआय ते व्हीजीए अ‍ॅडॅप्टरमध्ये अशी चिप असते. बाजारात एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असलेल्या, पण आत चिप नसलेल्या स्वस्त केबलीही मिळतात. लॅपटॉपवर त्या निरुपयोगी आहेत.

एचडीएमआय आणि डीव्हीआय यांची डिजिटल भाषा मात्र एकच आहे. तिथे चिपची गरज नाही, साधी केबल पुरते आणि चित्रही अधिक स्वच्छ येते. म्हणून मॉनिटरवर दोन्ही पोर्ट असतील तर व्हीजीएच्या मागे न लागता एचडीएमआय ते डीव्हीआय केबल घ्यावी. परंतु एचडीएमआयला डीव्हीआयचा तुकडा आणि त्याला पुन्हा व्हीजीएचा तुकडा अशी साखळी करू नये. पहिल्याच टप्प्यात अ‍ॅनालॉग चित्र नसते, ते शेवटी कुठून येणार?

दिशा महत्त्वाची

उर्दूतून मराठीत तर्जुमा करणारा प्रत्येक जण मराठीतून उर्दूत करू शकतोच असे नाही. अ‍ॅडॅप्टरचेही तसेच आहे. एचडीएमआय ते व्हीजीए आणि व्हीजीए ते एचडीएमआय या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, जरी दिसायला सारख्या असल्या तरी. दुकानदाराला नेहमी लॅपटॉपचे नाव आधी आणि मॉनिटरचे नंतर सांगावे : "लॅपटॉपला एचडीएमआय आहे, मॉनिटरला व्हीजीए आहे, चित्र लॅपटॉपकडून मॉनिटरकडे जायचे आहे." एवढे सांगितले की घोटाळा होत नाही.

अ‍ॅडॅप्टरमधील चिपलाही वीज लागते. ती एचडीएमआय पोर्टमधून मिळते, पण फार थोडी. चित्र येऊन जाऊन होत असेल तर वीज कमी पडत असण्याचा संभव असतो. ज्या अ‍ॅडॅप्टरला विजेसाठी वेगळे लहान यूएसबी तोंड आहे, तो घेतलेला बरा.

यूएसबी-सीची खबरदारी

इथे पुष्कळ जण फसतात. यूएसबी-सीचे तोंड सगळीकडे सारखे असले, तरी प्रत्येक पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही. काही पोर्ट फक्त माहिती नेण्या-आणण्याचे आणि चार्जिंगचे काम करतात. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचे चिन्ह, म्हणजे डी अक्षरात पी, किंवा थंडरबोल्टचे बाणासारखे विजेचे चिन्ह असेल तर चित्र मिळते. चिन्ह नसेल तर लॅपटॉपचे मॉडेल पाहून कंपनीच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'डीपी अल्ट मोड' हे शब्द शोधावेत. शब्द सापडल्याशिवाय यूएसबी-सीचा अ‍ॅडॅप्टर घेऊ नये.

लॅपटॉपला एकच यूएसबी-सी असेल आणि चार्जरही त्यातच लागत असेल, तर चार्जर जोडण्याची सोय असलेला अ‍ॅडॅप्टर घ्यावा. नाहीतर मॉनिटर लावला की चार्जिंग बंद. चित्र न देणाऱ्या पोर्टसाठी डिस्प्लेलिंक चिपचे यूएसबी अ‍ॅडॅप्टर मिळतात. त्यांना लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर टाकावा लागतो. बिलांच्या कामाला ते चालतात, पण किंमत जास्त असते. एचडीएमआय उपलब्ध असताना त्यांची गरज नाही.

जोडल्यानंतर काय करावे?

पडदा काळा राहिला तर अ‍ॅडॅप्टर खराब आहे, असा निकाल लगेच देऊ नये. पुढील क्रमाने पाहावे :

१) मॉनिटरच्या बटणांतून योग्य इनपुट, व्हीजीए किंवा डीव्हीआय, निवडावे.

२) लॅपटॉपवर विंडोजचे बटण दाबून धरून पी दाबावे. 'एक्स्टेंड' निवडल्यास दोन्ही पडद्यांवर वेगवेगळे काम करता येते. 'डुप्लिकेट' निवडल्यास दोन्हीकडे एकच चित्र येते, पण लॅपटॉप रुंद व मॉनिटर चौकोनी असल्याने अक्षरे ताणलेली दिसू शकतात.

३) डिस्प्ले सेटिंगमध्ये त्या मॉनिटरचे मूळ माप निवडावे. १७ व १९ इंची चौकोनी मॉनिटरचे ते सहसा १२८० बाय १०२४ असते, १९ इंची रुंद मॉनिटरचे बहुधा १४४० बाय ९००. वेग ६० हर्ट्झ ठेवावा. 'आउट ऑफ रेंज' असा संदेश आला तर माप किंवा वेग मॉनिटरच्या ताकदीबाहेर गेला आहे असे समजावे.

४) व्हीजीएवर अक्षरे धूसर असतील किंवा चित्र एका बाजूला सरकले असेल, तर पडदाभर खातेउतारा उघडून मॉनिटरचे 'ऑटो' बटण दाबावे.

५) आवाज गेला असेल तर विंडोजमध्ये लॅपटॉपचा स्पीकर पुन्हा निवडावा. व्हीजीएमधून आवाज जातच नाही.

६) तरीही अडले तर केबल बदलून पाहावी, मग अ‍ॅडॅप्टर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कुठे आहे ते कळते.

कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी एक गोष्ट

जुन्या मॉनिटरवर बिले पाहावीत, पण शेड पसंत करू नये. अशा पडद्यांचा उजेड वर्षानुवर्षांच्या वापराने मंद व पिवळट होतो, आणि बाजूने पाहिले तर रंगच बदललेला दिसतो. लॅपटॉप व मॉनिटर शेजारी ठेवले तर एकाच डिझाइनचा मोरपंखी रंग दोन तऱ्हांचा दिसतो. आम्ही कापडवाल्यांनी डाइंगची ऑर्डर शेडकार्डावर किंवा कापडाच्या तुकड्यावरच द्यावी, तीही दिवसाच्या उजेडात पाहून. पडद्यावरच्या रंगाच्या भरवशावर शंभर ताग्यांची ऑर्डर गेली, तर अ‍ॅडॅप्टरमध्ये वाचवलेले पैसे काय कामाचे?

मॉनिटर केव्हा सोडावा?

पडदा सतत लुकलुकत असेल, अर्धा काळा पडला असेल किंवा जळका वास येत असेल तर खर्च करू नये. काचेच्या नळीचा जुना अवजड मॉनिटर चालत असला तरी वीज जास्त खातो. टाकून देताना तो साध्या भंगारवाल्याकडे देऊ नये. काचेच्या नळीत शिसे असते, आणि जुन्या सपाट मॉनिटरच्या दिव्यांत पारा असतो. फोडणाऱ्या पोराच्या अंगात ते जाते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडेच माल द्यावा.

बाकी चांगला मॉनिटर असेल तर तो राखावा. बाजारात जाताना दोन्ही पोर्टांचे फोटो मोबाइलमध्ये घ्यावेत, शक्य असल्यास लॅपटॉप सोबत न्यावा, दुकानातल्याच एखाद्या मॉनिटरवर अ‍ॅडॅप्टर लावून पाहावा आणि पक्के बिल घ्यावे. कापड घेताना आपण पोत हाताने पाहतो, तागा मोजून घेतो. अ‍ॅडॅप्टर लहान आहे म्हणून ती सवय सोडू नये.